कुत्र्याचे तिकीट

शनिवारी सकाळी चिर्ल्याला अटल सेतू जिथे जमिनीवर उतरतो, तिथून थोड्या अंतरावर चहाची एक टपरी आहे. तिथे बसून मी मोटारींच्या काचांबाहेर आलेली नाके मोजतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला असले उद्योग सुचतात. लॅब्रेडॉर सर्वांत जास्त. त्याखालोखाल बीगल आणि ती चपट्या तोंडाची पग. एकदा मागच्या सीटवर वेताच्या टोपलीत मांजर होते आणि पुलावरच्या वाऱ्याने की भीतीने, ते सारखे ओरडत होते. ही सगळी मंडळी मुंबईहून निघालेली. कोणी अलिबागकडे, कोणी कर्जतकडे, कोणी आमच्याच उरण तालुक्यातल्या एखाद्या फार्महाउसवर दोन रात्रींसाठी चाललेली.

शिवडी ते न्हावा शेवा हा पूल 12 जानेवारी 2024 रोजी खुला झाला. लांबी 21.8 किलोमीटर, त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून. मोटारीला एका फेरीचा 250 रुपये टोल लावण्यात आला. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि जनावरांनी ओढलेल्या गाड्या यांना पुलावर मज्जाव आहे. म्हणजे न्हाव्याचा एखादा शेतकरी हौसेने बैलगाडी जुंपून निघाला तर त्याला परत फिरावे लागेल. पण मागच्या सीटवर बसलेल्या कुत्र्याबद्दल टोलनाक्यावर कोणी विचारतसुद्धा नाही. त्याला बंदी नाही आणि तिकीटही नाही.

या गोष्टीचे मला इतके अप्रूप का, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. हेच पाणी ओलांडून एक कुत्रा आमच्या बाजूला सुटीला येत असे. त्याचा सगळा खर्च माझ्या वडिलांच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेला आहे. त्या वहीमुळेच मी या विषयाच्या नादी लागलो. मी कोणत्या विद्यापीठाचा संशोधक नाही. बंदराच्या आसपास कारकुनी करीत आयुष्य गेले. गॅझेटियर वाचायला शिकलो तोही स्वतःच, तालुक्याच्या वाचनालयातल्या फाटक्या प्रतीवर. पण जनावर सुटीला बरोबर नेण्याचा इतिहास शोधताना एक गोष्ट पुनःपुन्हा समोर आली. घरच्यांचा जीव त्या जनावरावर किती, यावर ते बरोबर जाणार की मागे राहणार हे क्वचितच ठरले. वाहन कोणते आणि दोरी धरणारा कोण, यावर ते ठरले.

*

आधी आपल्या जुन्या समजुतीकडे पाहू. आमच्या आगरी गावात कुत्रा असे, त्याला नाव असे, भाकरी असे. दोरी नसे. माझी आजी म्हणायची, "आपला कुत्रा बांदायचा नाय, तो गावाचा हाय." लग्नाला किंवा जत्रेला घर रिकामे झाले तर कुत्र्याचे काय करायचे, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात येत नसे. तो ओट्यावर झोपे. शेजारीण तुकडा टाकी. माणसे परत आली की तो वेशीवर हजर. पु. लं.चा 'पाळीव प्राणी' वाचून आम्ही पुढे पोट धरून हसलो खरे, पण त्यातले पाळणे हे शहरातले होते. आमच्याकडे कुत्र्याने माणसे पाळली होती म्हटले तरी चालेल.

कुत्र्याला बरोबर न्यायचे की नाही, हा प्रश्न आपल्या परंपरेत सगळ्यांत ठसठशीतपणे विचारला गेला तो महाभारताच्या शेवटी. भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडले, कुत्रा मात्र धर्मराजाबरोबर चालत राहिला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला जागा नाही. मला या कथेत आता तात्पर्यापेक्षा ते वाहन दिसते. हिमालयाच्या पायवाटेवर कुत्र्याला कोणी अडवले नव्हते. रथ आला तेव्हा नियम आला.

मराठी इतिहासात प्रवासाचा मान मिळालेला कुत्रा म्हणजे सातारच्या थोरल्या शाहू महाराजांचा खंड्या. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, अशी हकीकत आहे. ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात लिहिले आहे की महाराजांनी या कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद काढली आणि त्याला पालखीचा मान दिला. इतकेच नव्हे, त्या पालखीचा लवाजमा खरोखर ठेवण्यात आला होता. डफ हे सगळे राजाच्या लहरीत जमा करतो. मला तसे वाटत नाही. राजाला कुत्रा जवळ हवा होता, आणि त्या काळी प्रतिष्ठेने जवळ असण्याचे जे एकमेव वाहन होते, त्याचा परवाना त्याने काढून दिला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, खंड्याची समाधी आजही आहे. (रायगडावरच्या वाघ्याच्या वादात मी इथे शिरत नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि त्यासाठी माझ्यापेक्षा जाड कातडीचा लेखक हवा.) खंड्याची गोष्ट वाचताना मला त्या भोयांची आठवण येते. कुत्र्याची पालखी खांद्यावर घेताना ते एकमेकांशी काय बोलले असतील? त्यांची नावे कोणत्याच सनदेत नाहीत.

*

मुंबईच्या कुत्र्यांनी शहराबाहेर जाण्याचा पहिला मोठा प्रसंग सुटीचा नव्हता. भटकी कुत्री ठरावीक महिन्यांत मारण्याचा नियम कंपनी सरकारने 1813 मध्ये केला होता. 1832 मध्ये ही मुदत उन्हाळ्याअखेर वाढवली गेली, आणि मारण्यामागे बक्षीस असल्याने पकडणारे लोक घराच्या आवारातली पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पडावी लागते. 6 जून 1832 रोजी पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी फोर्टमध्ये दंगल झाली. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, छावणीचा रसदपुरवठा अडवला गेला. शांत, राजनिष्ठ म्हणून ओळखला जाणारा समाज कुत्र्यांसाठी रस्त्यावर आला, याचा सरकारला धक्काच बसला. शेवटी कुत्री मारण्याऐवजी ती शहराबाहेर न्यावी, असा मार्ग निघाला. पुढे 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली.

म्हणजे एकाच शतकात कुत्र्याला शहराबाहेर नेण्याच्या दोन वाटा तयार झाल्या. एक नको असलेल्यांची आणि दुसरी, जी लवकरच सुरू होणार होती, लाडक्यांची. या दोन वाटा वरवर पाहता एकमेकींना कुठे मिळत नाहीत. माझ्या मते मिळतात, आणि ते ठिकाण पुढे येईल.

लाडक्यांची वाट डोंगराकडे जात होती. महाबळेश्वर 1828 च्या सुमारास माल्कमच्या कारकिर्दीत वसले. माथेरान 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चढून गेला तेव्हा साहेबांच्या नकाशावर आले. आधी गोरे गेले, मग पारशी आणि भाटिये, मग आपले वकील-डॉक्टर. बंगले बांधले गेले. बंगल्याला जाताना भांडी, गाद्या, आचारी, आया आणि कुत्रे असा काफिला निघे. नेरळहून माथेरान चढायला घोडा, पालखी किंवा माणसांनी उचललेली खुर्ची. कुत्रा कोणाच्या खांद्यावर नसे, तो चालत जाई आणि त्याची दोरी एका नोकराच्या हातात असे. या नोकराला नावसुद्धा होते. युल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात 'दोरिया' हा शब्द दिला आहे. डोर म्हणजे दोरी, दोरी धरणारा तो दोरिया, कुत्री सांभाळणारा गडी. एका माणसाची सगळी ओळख त्याच्या हातातल्या दोरीवरून. मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो. का, ते वहीपाशी आल्यावर कळेल.

मग आगगाडी आली. 1853 मध्ये मुंबई-ठाणे, 1863 मध्ये बोरघाट. खंडाळा-लोणावळा मुंबईकरांच्या आवाक्यात आले. कुत्र्यापुढे मात्र इंद्राचा रथ पुन्हा उभा राहिला. तो प्रवाशांच्या डब्यात बसणार की गार्डाच्या? रेल्वेने यावर जे उत्तर काढले ते थोडेफार बदलून आजही चालू आहे, आणि त्याची गंमत पाहण्यासारखी आहे. पहिल्या वर्गाचा संपूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तर कुत्रा तुमच्याबरोबर. त्याचे भाडे सामानाच्या दराने, तो 60 किलो वजनाचा आहे असे धरून. कूपे नसेल तर तो गार्डाच्या डब्यातल्या पेटीत, आणि तिथे तो 30 किलोचा. स्लीपर, थ्री-टायर, टू-टायर यांत त्याला थाराच नाही. तीन किलोचा पॉमेरेनियन असो की पन्नास किलोचा ग्रेट डेन, तराजूचा प्रश्न येत नाही. वजन कुत्र्याचे नसून मालकाच्या वर्गाचे आहे. ज्यांनी गार्डाच्या डब्यातली ती पेटी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे, लोखंडी पत्र्याची, जाळीच्या दाराची. मोठा कुत्रा आत उभा राहिला तर त्याला मान वळवता येत नाही. प्रत्येक मोठ्या स्टेशनावर मालक धावत जाऊन त्याला पाणी दाखवतो आणि शिट्टी झाली की परत धावतो.

माथेरानची छोटी गाडी 1907 मध्ये सुरू झाली, आदमजी पीरभॉय घराण्याच्या पैशाने आणि जिद्दीने. पण माथेरान हे एकच ठिकाण असे राहिले की जिथे मोटार दस्तुरी नाक्याला थांबते आणि पुढे पायाने किंवा घोड्याने जाता येते. तिथे आजही कुत्रा मालकाशेजारी चालतो. लाल मातीत दोघांच्या पावलांचे ठसे उमटतात. माकडे वरून शिव्या देतात. सुटीला गेलेल्या कुत्र्याचे खरे सुख कुठे असेल तर ते तिथे आहे, असे माझे वैयक्तिक मत.

प्रेमाच्या जोडीला भीतीही होती, ती पिसाळण्याची. पाश्चरची लस 1885 ची, पण हिंदुस्थानात ती देणारी पहिली संस्था कसौलीला 1900 मध्ये निघाली. त्याआधी चावा घेतलेल्या साहेबाला पॅरिस गाठावे लागे आणि चावा घेतलेल्या रयतेला देव. इंग्लंडने 1901 पासून बाहेरून येणाऱ्या कुत्र्यासाठी सहा महिन्यांचा विलगवास सक्तीचा केला, आणि तो जवळजवळ शंभर वर्षे, 2000 सालापर्यंत टिकला. डोंगरावरच्या उन्हाळी मुक्कामात ज्याला पायाशी झोपवले, त्याला मुंबईच्या धक्क्यावर सोडून मायदेशी जायचे की तिकडे गेल्यावर सहा महिने गजाआड ठेवायचे, हा पेच कितीतरी घरांपुढे उभा राहिला. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने कुत्र्यांना घेऊन डोंगरावर जाण्यावर 'गार्म' ही कथा लिहिली. परतीच्या बोटीवरची कथा लिहिली असती तर ती जास्त खरी झाली असती, असे मला वाटत आले आहे.

*

आता आमच्या पाण्याकडे येतो.

मुंबईच्या पूर्वेचा हा किनारा हवा खाण्याचे ठिकाण म्हणून फारसा प्रसिद्ध नव्हता. 1882 च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात उरण येते ते मोहाच्या दारूच्या भट्ट्यांमुळे आणि मिठागरांमुळे. श्रीमंतांचा ओढा दक्षिणेला, किहीम-अलिबागच्या बाजूला. किहीमला तय्यबजी कुटुंबीयांची घरे होती, आणि सालिम अलींनी 1930 मध्ये सुगरणीच्या घरट्यांचा आपला गाजलेला अभ्यास तिथेच केला. सुटीच्या घरी जनावर नेण्याऐवजी तिथल्या जनावराकडे पाहत बसणारा हा एकच पाहुणा मला माहीत आहे. पण समुद्र दिसावा, मुंबई तासाभरावर असावी आणि जमीन स्वस्त मिळावी, अशा हिशेबाने काही मंडळींनी आमच्या बाजूलाही बंगले बांधले होते. अशाच एका बंगल्यावर माझे वडील रखवालदार होते. बंगल्याचे आणि मालकांचे नाव मी लिहीत नाही. त्यांची पुढची पिढी आहे, आणि मला कोणाशी भांडण मांडायचे नाही.

वडील चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर वळणदार. शेठना महिन्याचा हिशेब द्यावा लागे म्हणून ते वही ठेवीत. लाल पुठ्ठ्याची, लांबट. डाव्या पानावर बंगल्याचे खाते, उजव्या पानावर आमच्या घरचे. दोन्ही पाने एकाच वहीत का, असे मी एकदा विचारले तेव्हा म्हणाले, वही शेठनी दिली, शाई माझी. वडील गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. 1975 ते 1986 या काळातली पाने शाबूत आहेत.

मे महिन्यात आणि दिवाळीत डाव्या पानावर नोंदी वाढतात. 'शेठ आले. रॉनी आला.' रॉनी हा अल्सेशियन. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचने ही मंडळी येत. माणसांचे तिकीट असे. रॉनीसाठी नक्की काय होते ते वहीतून कळते, कारण मुंबईला पोचल्यावर शेठ तो खर्चही वडिलांकडे नोंदवायला लावीत: 'खलाशी, रॉनी चढविणे', आणि पुढे आकडा. 'रॉनी उतरविणे', पुन्हा आकडा. ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्यापाशी चिखल उघडा पडे आणि लाँचला अंतर राखावे लागे. मग मधल्या होडीतून किंवा फळीवरून उतरायचे. अल्सेशियन फळीवर पाय ठेवीना. मग एक खलाशी त्याला मेंढरासारखा खांद्यावर घेई, आणि तेवढा वेळ तो राजबिंडा कुत्रा डोळे मिटून घेई. मी सहा-सात वर्षांचा असेन, पण ते मिटलेले डोळे मला अजून दिसतात. शाहू महाराजांच्या खंड्याला पालखी होती, रॉनीला खलाशाचा खांदा.

धक्क्यावर उतरला की दोरी वडिलांच्या हातात. तिथून बंगल्यापर्यंत टांगा मिळे, पण घोडा रॉनीला बिचके. म्हणून शेठ-बाई टांग्यात आणि वडील रॉनीला घेऊन चालत. वाटेत तीन वाड्या. प्रत्येक वाडीच्या हद्दीवर तिथली कुत्री सज्ज. आमचा मोत्याही त्यांच्यातच. तो वडिलांना ओळखे आणि रॉनीला नाही, त्यामुळे त्याची फार पंचाईत होई: शेपूट हलवायची की दात काढायचे. एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन माझे वडील आपल्याच गावातून, आपल्याच कुत्र्यांना हाकलत, दुसऱ्याचा कुत्रा नेत असत. लोक हसत. एकाने त्यांना 'कुत्रेवाले' म्हणायला सुरुवात केली आणि काही वर्षे ते नाव चिकटले. 'दोरिया' शब्दापाशी मी पुस्तक का मिटले, ते आता लक्षात आले असेल.

डाव्या पानावरच्या नोंदी अशा: 'रॉनी दूध'. 'रॉनी मटण छाट'. 'रॉनी पाव'. एके ठिकाणी 'रॉनी डॉक्टर, परळ, सुई', म्हणजे शेठनी मुंबईत केलेला खर्च. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ 1883 पासून आहे. माणसांच्या कितीतरी इस्पितळांआधी आमच्या वहीत जनावरांचे इस्पितळ आले. उजव्या पानावर त्याच आठवड्यात आमचे दूध नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आई म्हणायची, आपल्याला मासळी आहे. होतीही. पण दोन पाने शेजारी शेजारी ठेवली की ती बोलतात, त्याला मी काय करू?

*

सिडको 17 मार्च 1970 रोजी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेले जासईचे आंदोलन, जानेवारी 1984 चा गोळीबार, त्यात पडलेले पाच जण, हे आमच्या भागात प्रत्येक घराला पाठ आहे. न्हावा-शेव्याला बंदर होणार हे ठरल्यावर शेवा कोळीवाडा उठला. त्या लोकांना उरणला हनुमान कोळीवाड्यात जागा मिळाली, आणि तिथल्या घरांना पुढे वाळवी लागली. बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. आज देशाचा मोठा कंटेनरव्यवहार तिथून होतो, आणि माझ्या घरची चूलही त्याच बंदरावर पेटली, हे लिहायला मला संकोच नाही.

त्या दिवसांत आमच्या नातलगांकडे आलेले नुकसानभरपाईचे काही कागद मी पाहिले आहेत. त्यांत घर आहे, विहीर आहे, फळझाडे मोजलेली आहेत. कुत्र्याचा रकाना नाही. असण्याचे कारणही नाही, कारण गावचा कुत्रा कोणाच्या मालकीचा नसतो. आजीचे वाक्य खरे होते, तो गावाचा होता. पण गावच उठल्यावर तो कोणाचा? माणसे टेंपोत बसली, भांडी चढली. ज्याला कधी दोरी बांधली नव्हती त्याला त्या दिवशी टेंपोत कसे चढवायचे? काही चढले, काही मागे धावले, काही धावेनासे झाले. हे मी आमच्याच नात्यातल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे, आणि सांगणारे प्रत्येक वेळी विषय बदलतात.

मघाशी मी दोन वाटांबद्दल म्हणालो. त्या इथे मिळतात.

बंदराची आखणी सुरू झाली तसा शेठचा बंगल्यातला रस संपला. समोर डंपर धावू लागले, धूळ उडू लागली. 1983 च्या दिवाळीत ते शेवटचे आले. जाताना ओहोटी होती. रॉनी म्हातारा झाला होता, मागचे पाय धड उचलत नव्हते. तो होडीत चढेना. खलाशाने उचलायला हात घातला तेव्हा तो कळवळून चावला. मग बाई म्हणाल्या, राहू दे चार दिवस, पुढच्या खेपेला नेऊ. त्या रडत होत्या. मी तिथे होतो, आणि त्यांचे ते रडणे खोटे नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांच्या इमारतीला जिना होता आणि लिफ्ट बंद असायची, हे कारणही खरे असेल. पुढची खेप झाली नाही. बंगला पुढच्या वर्षी कागदोपत्री गेला, आणि वडिलांचा पगार थांबला.

'जनावरांना निर्दयपणे वागविण्यास प्रतिबंध' करणारा 1960 चा कायदा मी नंतर वाचला. भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा त्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. पण रॉनीचे हाल झाले नाहीत, कारण दोरी वडिलांच्या हातात होती. कायद्याच्या दृष्टीने त्याला कोणी सोडलेलेच नव्हते. दोरिया असला की मालकाला कधीच कोणाला सोडून द्यावे लागत नाही.

*

आता परत टपरीवर. कोविडच्या तोंडावर, मार्च 2020 मध्ये, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. मोटार थेट बोटीत चढते, त्यामुळे कुत्र्याला फळीची भीती उरली नाही. नंतर पूल आला. टाळेबंदीत मुंबईतल्या कितीतरी घरांनी कुत्री आणली आणि आता ती कुटुंबे त्यांच्याशिवाय कुठे जात नाहीत. फार्महाउसवाल्यांनी हे बरोबर ओळखले. 'पेट्स वेलकम' अशी पाटी आमच्या भागातल्या कितीतरी फाटकांवर आली आहे. त्याखाली अटी असतात: लसीकरणाचे कार्ड, पोहण्याच्या तलावात उतरवू नये, गादीवर केस दिसल्यास वेगळा आकार. हा तरणा मालकवर्ग मला आवडतो. कुत्र्यासाठी ते गाडीत वाटी, पाणी, औषध सगळे घेऊन येतात. कित्येक जण दोरी स्वतः धरतात. वेशीवरच्या गावठी कुत्र्यांना बिस्किटे टाकणारी मुले मी पाहिली आहेत, आणि मोत्याचे वंशज ती बिस्किटे खाऊन मगच भुंकतात.

तरी दुपारी जेवणानंतर, मंडळी झोपली की, दोरी केअरटेकरच्या हातात येते. आमच्या शेजारचा एक मुलगा अशा ठिकाणी काम करतो. त्याच्या फोनमध्ये पाहुण्यांच्या कुत्र्यांचे फोटो आहेत, नावानिशी. पाहुण्यांची नावे त्याला आठवत नाहीत.

आणि पुलाच्या या टोकाला, सर्व्हिस रोडच्या कडेला, अधूनमधून एखादा कुत्रा दिसतो जो इथला नसतो. गळ्याभोवती पट्ट्याने केस झिजलेली गोल खूण असते, पट्टा नसतो. मागच्या पावसाळ्यात एक म्हातारी लॅब्रेडॉर होती. मागचे पाय गेलेले. येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या मोटारीकडे ती मान उचलून पाही. टपरीवाला तिला पाव देत असे, आणि आम्ही दोघांनी मिळून तिला उरणला डॉक्टरकडे नेले. ती सप्टेंबरपर्यंत होती. पुलावर कुत्र्याला तिकीट नाही, म्हणून तो गेला किती आणि परत आला किती, याची नोंद कुठेच होत नाही. खलाशाला निदान 'चढविणे' आणि 'उतरविणे' यांचे वेगळे पैसे मिळत. 1983 च्या दिवाळीच्या पानावर माझ्या वडिलांच्या अक्षरात 'उतरविणे' आहे आणि 'चढविणे' नाही. इतिहास म्हणून माझ्या हाती असलेला हा एवढाच कागद.

त्या पानानंतर रॉनी वहीच्या उजव्या बाजूला येतो. 'रॉनी पाव'. 'रॉनी दूध', पाव लिटर. त्या काळात वडिलांना पगार नव्हता आणि ते मिठागरावर रोजंदारीने जात. दूध तरी लिहिलेले आहे. मोत्याच्या नावाने त्या वहीत कधी काही लिहिले गेले नाही, कारण मोत्याचा खर्च म्हणजे आमच्या ताटातले उरलेले. रॉनीला ते चालत नसे. मोत्या शेवटी शेवटी त्याच्या शेजारी झोपू लागला होता.

शेवटची नोंद फेब्रुवारी 1986 ची आहे, उजव्या पानावर, आकड्याच्या रकान्यात आडवी रेघ मारलेली: 'रॉनीसाठी मीठ, अर्धे पोते. मिठागरातून. पैसे नाहीत.'